कँडीच्या भोंग्यावर बोरीची चाल

३ मे, शुक्रवार. बोरी.

संघप्रियानं ही वही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुमी आईचं डोकं खायलात. आता या वहीचं खा." पोरगी पुण्यात बँकेत आहे. माझ्यावर रागावते ती फोनवर आणि माया करते ती कुरियरनं. म्हणून लिहायला बसलोय.

मी सिद्धोधन. मार्चअखेरपर्यंत एसटीचा ड्रायव्हर होतो. जिंतूर, बोरी, परभणी आणि परत. उभी नोकरी याच रस्त्यावर झाली. आता सकाळी ओट्यावर बसतो आणि जाणाऱ्या गाड्यांचे गियर ऐकतो. कुणाचा चुकला की मोठ्यानं बोलतो. सरजा म्हणते, "तुमचं त्याला ऐकू जात न्हाई. मला जातंय."

सरजाबाई माझी बायको. आमच्या विहारात रविवारची वंदना तीच सांगायची. भोंग्यावर तिचा आवाज आला की मी स्टँडवर गाडी लावतानाही ओळखायचो, खणखणीत. दोन वर्षांपूर्वी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, माणूस वाचलं, पण आवाज बसला. आता घोगरा येतो आणि वर चढवायला गेली की मधेच फाटतो. ऑपरेशननंतर एकदाच ती वंदना सांगायला उभी राहिली. पुढं बसलेली दोन पोरं खुदकन हसली. पोरंच ती. पण सरजा पुन्हा पुढं गेली नाही. आता कॉलेजात जाणारी भक्ती वंदना सांगते, आणि सरजा मागं खांबाशी बसते. घरातही कामापुरतंच बोलते.

संघप्रियानं आमची दोघांची श्रीलंकेच्या सहलीत नावं घातली आहेत. परभणीचे रविकांत सर वैशाख पौर्णिमेला दरवर्षी माणसं घेऊन जातात. सरजा म्हणाली, "मी कशाला?" मी समजावलं, "मी हाय ना संगं. भ्यायचं न्हाई." तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. म्हणाली, "बरं. तुमाला एकट्याला तरी कसं सोडू."

मला धीर द्यायची कला आहे, हे आगारातही सगळे म्हणायचे.

१९ मे, रविवार. कोलंबोजवळ.

आलो! परभणीहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून विमान. विमान धावायला लागलं तेव्हा सरजा घाबरेल म्हणून मी तिचा हात घट्ट धरला. वर गेल्यावर ती म्हणाली, "आता सोडा. बांगडी रुतायलीय."

विमानाचा ड्रायव्हर दिसत नाही, हे मला पटलं नाही. माणूस दिसला पाहिजे.

आमच्या शेजारच्या सीटवर वालूरच्या पार्वतीबाई होत्या. सत्तरीच्या, एकट्या आलेल्या. चढल्यापासून उतरेपर्यंत बोलत होत्या. हवाईसुंदरीला त्यांनी धपाटं दिलं आणि तिनं ते खाल्लं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

इथं पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव सुनील. मी म्हटलं, "परभणीचा का?" तो हसला. लंकेचाच, सिंहली. पण नाव सुनील! रविकांत सर म्हणाले, इथं अशी पुष्कळ नावं सापडतील. आणि दुसरी गंमत म्हणजे इथली सरकारी एसटीपण लालच. एक गाडी शेजारून गेली. मी डोळे मिटून इंजिन ऐकलं. आपल्याकडचंच लेलँड! माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं पार्वतीबाई म्हणतात. एसीची हवा डोळ्यांवर येत होती.

बेट म्हणतात, चारी बाजूंनी समुद्र म्हणतात. सरजानं अजून समुद्र बघितला नाही, मीही नाही. अंधारात काही दिसला नाही.

२० मे, सोमवार. नुवारा एलिया.

आज रेल्वेनं डोंगर चढलो. सुनील गाडी घेऊन पुढं गेला होता. रेल्वे निळी, आणि दारं सताड उघडी. लोक दारात पाय सोडून बसतात, आणि कोणी रागवत नाही. वर चढत गेलो तसा चहाच्या मळ्यांचा हिरवा रंग वाढत गेला. डोंगरावर कुणीतरी कंगवा फिरवावा अशा त्या चहाच्या ओळी. पाठीला टोपली बांधलेल्या बायका हात वर करून दाखवायच्या. मीही प्रत्येकीला हात केला.

माणसं लय आहेत या बेटावर. प्रत्येक स्टेशनात गर्दी, प्रत्येक डब्यात उकडलेले चणे आणि वडे विकणारे. वड्यावर अख्खी कोळंबी चिकटवलेली! पार्वतीबाईंनी तीन खाल्ले.

मधे मधे बोगदे लागतात. बोगद्यात अंधार झाला की इथली पोरंसोरं "हूऽऽ" करून ओरडतात. रीतच आहे म्हणे. एका लांब बोगद्यात माझ्या अगदी कानाशी कुणीतरी असं ओरडलं, की मी दचकलो. फाटक्या आवाजात, पण जोर केवढा! उजेड आला तेव्हा बघतो तर शेजारी फक्त सरजा, ती खिडकीबाहेर बघत बसलेली. मी विचारलं, "कोण ओरडलं गं?" ती म्हणाली, "असंल कुणी."

२१ मे, मंगळवार. नुवारा एलिया.

थंडी! मे महिन्यात स्वेटर! परभणीला आज काय तापमान असेल याचा विचार करून मला गुदगुल्या झाल्या.

पहाटे जाग आली तर सरजा अंथरुणात नव्हती. व्हरांड्यात शाल गुंडाळून उभी, धुक्याकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. विचारलं, "कुणाशी बोलायलीस?" "कुणाशी न्हाई. घसा साफ करायलेय." हवा बाधली असणार. तिला खोकल्याची गोळी दिली आणि कानाला रुमाल बांधायला लावला.

२२ मे, बुधवार. कँडी.

आज घाट उतरलो. रविकांत सरांनी मला सुनीलच्या शेजारची सीट दिली. सुनीलला मराठी येत नाही, मला सिंहली येत नाही. पण अवघड वळण आलं की तो माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो. एकदा त्यानं दुसऱ्या गियरला उतरवली, तेव्हा मी "शाब्बास" म्हणालो. त्याला समजलं. नंतर प्रत्येक वळणावर तोच म्हणायला लागला, "शाब्बास?"

मागं सरजा पार्वतीबाईंशी बोलत होती. बऱ्यापैकी बोलत होती. पार्वतीबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागतं. मला तिच्या घशाची काळजी वाटली.

बाबासाहेब या कँडीत येऊन गेले होते, असं सरांनी सांगितलं. मग पार्वतीबाई म्हणाल्या, "तवा रस्ता एवढा बरा नसंल." आणि आम्ही सगळे त्या रस्त्याकडं नीट बघायला लागलो.

२३ मे, गुरुवार. वैशाख पौर्णिमा. कँडी.

आज काय काय झालं ते सगळं लिहितो. हाताला अजून भाताचा वास आहे.

इथं पौर्णिमेला वेसाक म्हणतात. सकाळी दंतधातूच्या विहारात गेलो, तिथं बुद्धाचा दात जपून ठेवलाय. कमळाची फुलं वाहिली. शहरभर माणसं पांढऱ्या कपड्यांत. बापये पांढरे, बाया पांढऱ्या, लेकरं पांढरी. आमच्यातल्या बायकांनीही पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या. सरजानं संघप्रियाच्या लग्नात घेतलेली पांढरी जरीकाठाची काढली.

दिवस मावळला आणि दिवे लागले. असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. घराघरापुढं कागदाचे कंदील. कमळासारखे, चांदणीसारखे, आठ कोनांचे. तळ्याच्या काठाला रांगच, आणि ते सगळे पुन्हा पाण्यात उलटे दिसायचे. चौकाचौकांत उंच कमानी आणि त्यावर बुद्धाच्या गोष्टींची चित्रं, भोवती दिवे पळणारे. आणि रस्त्यारस्त्यावर फुकट जेवण! त्याला दन्सल म्हणतात. कुठं भात, कुठं सरबत, कुठं आइस्क्रीम. पोरं झेंडे घेऊन रस्त्यात उभी राहतात आणि गाड्या अडवतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. चौदा एप्रिलला आपण पाणी वाटतो, तसंच, पण अख्खं शहर.

मी सगळ्यांच्या पुढं चाललो होतो, वाट काढत. नोकरीची सवय. मधे मधे मागं वळून सरजाला सांगायचो, "माझ्या मागं राहा. भ्यायचं न्हाई." एका कमानीपुढं थांबलो आणि मागं बघितलं तर मागं पार्वतीबाई. सरजा नाही.

"सरजा कुठंय?"

"तुझ्या मागं होती ना?"

"माझ्या मागं तुमी हायत!"

तिचा फोन माझ्या पिशवीत. भाषा येत नाही. हॉटेलचं नाव मलाच नीट येत नव्हतं, तिला कुठून येणार? मी उलटा पळालो. पांढरी साडी दिसली की खांदा धरायचो, बाई वळायची, दुसरीच. सगळं पांढरं! पांढऱ्यात पांढरी कुठं हुडकू? रविकांत सर एका बाजूला गेले. सुनील माझ्याबरोबर आला. तो वाटेत प्रत्येकाला काहीतरी विचारायचा आणि हातानं साडीचा काठ दाखवायचा. लोक माना हलवायचे. भर गर्दीत, उतारावर ब्रेक लागत नाही असं व्हावं, तसं झालं.

आणि तेव्हा भोंग्यावर बुद्धवंदना ऐकू आली.

इथं ती सारखीच चालू असते. पण इथल्या लोकांची चाल वेगळी, लांबवत, डुलत म्हणतात. ही चाल बोरीची होती. आमच्या विहारातली. प्रत्येक ओळ शेवटी खाली आणून ठेवणारी. आवाज घोगरा, जाडा. वरच्या जागेला फाटला, आणि फाटला तसाच पुढं गेला. थांबला नाही.

मी सुनीलचा दंड धरला. म्हटलं, "आमची बाई! आमची बाई हाय ती!" त्याला काय समजलं कोण जाणे. तो हसला आणि मला ओढत आवाजाच्या दिशेनं पळाला.

तळ्याच्या वरच्या अंगाला एक दन्सल होतं. मांडवात मोठमोठी पातेली, बाहेर लांब रांग. एका बाजूला चटईवर पंधरावीस बायका बसलेल्या. मधे सरजा, हातात माइक. डोळे मिटलेले. तिनं एक ओळ म्हणायची, बायकांनी मागनं म्हणायची. पाली सगळ्यांची एकच! रांगेतली माणसंही हात जोडून म्हणत होती. मी चपला काढून कडेला उभा राहिलो. मला म्हणताच येईना.

संपलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि मी दिसलो. माइक तोंडापुढंच होता. त्याच माइकवर, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "अहो, कुठं गेला होतात तुमी? जेवलात का?"

लोकांना वाटलं, वंदनेचंच पुढचं कडवं आहे. सगळे हात जोडून म्हणाले, "साधु! साधु! साधु!"

सरजा हसली. आधी तोंडावर पदर धरून हसली आणि मग पदर सोडून हसली. सुनीलनं लोकांना त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तशी सगळी रांग हसायला लागली.

मी म्हणालो, "हरवली होतीस तू! जीव गेला माझा."

"मी कुठं हरवले? मी इथंच हाय. तुमीच गेलात पुढं निघून."

झालं होतं असं, की या दन्सलमधल्या कुसुमा नावाच्या बाईनं सरजाचा हात धरून तिला जेवायला बसवलं. सरजानं खाल्लं आणि मग उठून वाढू लागली. वाढता वाढता बायका वंदना म्हणत होत्या, हीही म्हणायला लागली. कुसुमानं ते ऐकलं आणि सरळ माइक तिच्या हातात दिला. नाही म्हणायला सरजाला तिची भाषा येत नव्हती.

कुसुमानं मलाही पळी दिली. मी भात वाढला. रविकांत सर, पार्वतीबाई, आमचे सगळेच आले आणि पातेल्यांपाशी उभे राहिले. पार्वतीबाई रांगेतल्या पोलिसाला म्हणत होत्या, "घे की अजून, लाजतूस काय!" आणि तो घेत होता. पातेलं रिकामं होईपर्यंत वाढलं. शेवटी खरवड राहिली, ती सुनील आणि मी खाल्ली.

लंकेची हवा सरजाच्या घशाला मानवली, हे नक्की. त्या दिवशी गोळी दिली ते बरं झालं.

२५ मे, शनिवार. अनुराधापूर.

महाबोधीचं झाड बघितलं. फार जुनं, सोन्याच्या टेकूंवर फांद्या ठेवलेल्या. सगळे हळू बोलतात. एक पान आमच्यापुढं पडलं. चार माणसं एकदम वाकली आणि चौघांनीही एकमेकांना "तुमी घ्या, तुमी घ्या" केलं. शेवटी ते एका लंकेच्या आजीबाईला मिळालं.

पांढऱ्या मोठ्या स्तूपापुढं आम्ही फरशीवर बसलो होतो. सरजा आपणहून बोलली. "त्या दिवशी भ्या वाटलं न्हाई मला. इथं कुणाला माझा पहिला आवाज माहीत न्हाई. त्यांना वाटलं, ही बाई अशीच म्हणती."

मी म्हटलं, "गावात पण म्हण की आता."

"गावात सगळ्यांना पहिला माहीत हाय."

"घसा सुधरायलाय की तुझा. अजून महिनाभरात पहिल्यासारखा व्हईल."

मी चुकीचं काही बोललो नव्हतो. पण ती उठून स्तूपाला आणखी एक फेरी मारायला गेली.

२६ मे, रविवार. नेगोम्बो.

समुद्र!

एवढं पाणी, आणि सगळं हलतंय. वाळूवर मासे वाळत घातलेले, लांबच लांब चटया. होड्यांना तपकिरी शिडं. आमच्यातले बरेच जण लांबूनच बघत होते. सरजानं साडी वर खोचली आणि सरळ चालत गेली. गुडघ्यापर्यंत. मी ओरडलो, "थांब! खोल असंल!" ती वळून म्हणाली, "मग या ना संगं, धीर द्यायला."

पँट दुमडून गेलो. पहिली लाट आली ती पायाखालची वाळू घेऊन गेली. आपण उभे आहोत आणि रस्ता सरकतोय, असं मी कधी अनुभवलं नव्हतं. दुसरी लाट मोठी होती. आम्ही दोघंही बसलो. पाण्यातच. नाकातोंडात खारं पाणी. सरजा उठेचना, हसूनच उठेना. काठावरून पार्वतीबाई ओरडल्या, "अगं, त्याला धर! त्याला!"

सुनीलनं गाडीत सीटवर गोणपाट टाकून आम्हाला बसवलं. विमानतळावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "शाब्बास." मी त्याला संघप्रियाचा नंबर दिला आहे. बोरीला ये म्हटलंय. येईल तो.

३० मे, गुरुवार. बोरी.

ऊन. पंखा चालू केला तर गरम हवा येते. घरी येणारे सगळे विचारतात, लंका कशी हाय. मी डोंगराची उंची सांगायला लागतो तोवर सरजा दन्सलचं सांगायला लागते आणि लोक तिच्याकडं वळतात. ती कुसुमाची नक्कलही करते. काल चहा तीन वेळा करावा लागला. मी केला.

२ जून, रविवार. बोरी.

विहारात आज नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, लंकेचं ऐकायला आलेली. भक्ती पुढं उभी राहिली. तिनं एकदा मागं बघितलं आणि म्हणाली, "सरजाकाकू, आज तुमी सांगता का?"

मी सरजाकडं बघितलंच नाही. समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. बांगड्या वाजल्या, म्हणजे ती उठली. ती माझ्या शेजारून पुढं गेली.

सुरुवात चांगली झाली. मला वाटलं होतं, आवाज पहिल्यासारखा येईल, मी तशी वाट बघत होतो. तो नाही आला. तिसऱ्या ओळीला वर चढताना असा फाटला की पुढं येईचना. मी सतरंजीचा दोरा ओढत होतो. सरजा थांबली, खाकरली आणि म्हणाली, "थांबा. पाणी पिऊ द्या." भक्तीनं तांब्या आणून दिला. ती सावकाश प्यायली. कुणी हललं नाही. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून धरली, खालच्या पट्टीत, आणि ओळीमागून ओळ घेत गेली. जिथं फाटला तिथं फाटू दिला.

पुढं शेजारच्या सविताची चार वर्षांची पोरगी बसली होती. ती मुद्दाम घसा जाड करून, कपाळाला आठ्या घालून मागनं म्हणत होती. तिला वाटलं, चालच तशी आहे. सरजानं तिच्याकडं बघितलं. म्हणता म्हणता हसू फुटलं तिला, पण ओळ सोडली नाही.

मी ऐकत होतो. हा तो आवाज नाही. दुसराच आहे. पण घरातल्या माणसाचा असावा तसा, कधीचा ओळखीचा वाटला.

झाल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. त्यांच्यातून वाट काढत ती माझ्याकडं आली.

"तुमी का म्हणत नव्हतात?"

"मी ऐकायलो होतो."

"ऐकणारे लय झाले. पुढच्या रविवारी म्हणायला या. आणि आता त्या सतरंज्या झटकून ठेवा."

आणि ती बायकांबरोबर बाहेर गेली, बोलत. गेटापर्यंत तिचं बोलणं ऐकू येत होतं, नंतर गल्लीतूनही येत होतं. मी सतरंज्या झटकल्या, सगळ्या.